धोबी आळीच्या रस्त्याने

शाळेच्या दाखल्यावर मी शरद.
चरईच्या शाळेत गोडांबे बाईंनी
बापाने सांगितलेलं नाव दोनदा ऐकलं,
चष्मा पुसला,
आणि टाकाला जमलं ते लिहिलं.

घरी शारू.
मशिदीत मात्र (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणत आलो)
तोरापुढे बोलावतात तेव्हा सबंध:
शआर याशूव बेन शालोम.
उरलेला परत येईल, शालोमचा मुलगा.

असं नाव कुणी पोराला ठेवतं?

एका नबीने ठेवलं होतं.
शत्रू वेशीशी, राजा वाऱ्यातल्या झाडासारखा हललेला,
आणि देव म्हणाला, पोराला बरोबर घे, राजाला गाठ
वरच्या तळ्याच्या पाटापाशी,
धोब्यांच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर.
पोर तिथे काही बोललं नाही.
उभं राहिलं बापाचं बोट धरून.
कुणीतरी विचारणारच होतं, याचं नाव काय,
तेवढ्यासाठी त्याला नेलं होतं.
ऊन होतं का, तहान लागली का,
लिहिणाऱ्याने नोंदलेलं नाही.

आणखी एका नबीच्या मुलीचं नाव
जिच्यावर दया झाली नाही.
तिला जेवायला हाक मारताना
आईचा आवाज कसा लागत असेल?
पुढे देवाने ते नाव फिरवलं म्हणतात,
नकार तेवढा काढून टाकला.
तोवर ती केवढी झाली होती कोण जाणे.

बाप सिव्हिल हॉस्पिटलात कंपाउंडर.
शनिवारी दुपारी माझं बोट धरून
मासुंद्याच्या काठाने धोबी आळीपर्यंत यायचा.
दोरीवर हॉस्पिटलच्याच चादरी.
म्हणायचा, तळं आहे, धोबी आहेत, तू आहेस,
राजा तेवढा यायचा राहिलाय.
मला वाटायचं खरंच येईल,
मी केस विंचरून जायचो.

नहूम गेला तेव्हा मी चौदाचा.
लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात
नहूम शालोम झिराडकर, आणि खाली दिमोना.
उंबऱ्यात तो म्हणाला, जातो.
आई म्हणाली, जातो नाही रे, येतो म्हण.
येतो, तो म्हणाला.
बापाने माझ्याकडे पाहिलं,
कुणी मला हाक मारल्यासारखं.

मग पेझारकर गेले, मग तळकरांची तिन्ही घरं,
हजान गेला, मलिद्याचे पोहे कांडणारी सिम्हामावशी गेली.
सगळे येतो म्हणून गेले.
मी वागळे इस्टेटीत चौतीस वर्षं टाइमकीपर:
नाव वाचायचं, समोरच्याने हजर म्हणायचं.
कारखान्याला टाळं लागलं त्या सकाळी
फाटकाबाहेर उभा राहून मी मस्टर वाचलं.
अकरा जण हजर म्हणाले.

आता शब्बाथला आम्ही माणसं मोजतो.
आकडा लावून मोजू नये,
म्हणून दहा शब्दांचं वचन, एकेकावर एक शब्द ठेवत जायचं.
माझे गुडघे दुखतात, मी शेवटी पोहोचतो,
शेवटचा शब्द माझ्या वाट्याला येतो:
सदासर्वकाळ.
परवा नऊच शब्द झाले.
वचन अर्धवट सोडून आम्ही चहा प्यालो.

काल रात्री नहूमच्या मुलाचा फोन.
त्याला मराठी नाही, माझं हिब्रू प्रार्थनेपुरतं,
मध्ये दोघांचं मोडकं इंग्रजी.
बाबा शेवटचे चार दिवस तुमच्या भाषेत बोलत होते,
म्हणाला, आम्हाला कळत नव्हतं.
नर्सला, दाराला, भिंतीला, एकच शब्द,
येतो.
हे कुणाचं नाव आहे का?

फोनमध्ये त्याच्या गावचा वारा ऐकू येत होता.
माझ्या नावाचा अर्धा भाग आहे, मी म्हणालो.
आणि दुसरा?
तो उरलेला,
म्हणालो,
तो इथे ठाण्यात आहे.